जेद्दाचे चौक आणि अब्बांचे चार फोटो

आमच्या घरात भिंतीवर फोटो लावण्याचा रिवाज कधी नव्हता. दादाजींना ते पसंत नव्हते आणि त्यांच्यानंतर अब्बांनीही ती रीत मोडली नाही. त्यामुळे घरातले सारे फोटो बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात राहिले आणि तो डबा अम्मीच्या कपाटात कपड्यांच्या घड्यांखाली राहिला. ईदच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाहुणे गेले, की आम्ही भावंडे तो डबा काढायचो. त्यात अब्बांचे जेद्दाहून आलेले चार फोटो होते.

अब्बा १९८१ साली जेद्दाला गेले. खेड तालुक्यातल्या आमच्या गावात तेव्हा जवळजवळ घरटी एक माणूस बाहेर असायचा. कोणी दुबईला, कोणी कुवेतला, कोणी जहाजावर. अब्बा सेंट्रिंगचे सुतार. काँक्रीट ओतण्याआधी फळ्यांचा आणि प्लायचा जो साचा उभा करतात, तो करणारे. आपा तेव्हा पाच वर्षांची होती, आम्ही सव्वा वर्षाचे आणि छोटीचा जन्म व्हायचा होता. दर दोन वर्षांनी अब्बा दोन महिने घरी येत. असे तेवीस वर्षे चालले. हिशेब केला तर आमच्या लहानपणीचे अब्बा म्हणजे थोडे महिने आणि चार फोटो.

प्रत्येक फोटो घरातल्या एखाद्या मोठ्या प्रसंगानंतर आलेला. १९८४ मध्ये छोटी झाली तेव्हा आलेल्या फोटोत अब्बा एका अवाढव्य सायकलखाली उभे होते. ती एवढी मोठी, की अब्बा तिच्या चाकापुढे मुंगीएवढे दिसत. १९९१ मध्ये त्यांच्या खोलीतला एक साथी मदीना रोडवर अपघातात गेला. त्यानंतर आलेल्या फोटोत काँक्रीटचा एक भलामोठा ठोकळा होता आणि त्यात खऱ्याखुऱ्या मोटारी रुतलेल्या होत्या. तो फोटो आमच्या चाचांसाठी होता, कारण त्यांनी नुकताच टेंपो घेतला होता. १९९७ मध्ये आपाच्या निकाहला अब्बांना येता आले नाही. तेव्हाच्या फोटोत काँक्रीटच्या उंच भिंतींना टांगलेले रंगीत काचांचे प्रचंड कंदील होते आणि खाली नवा शर्ट घातलेले अब्बा.

चौथा फोटो राहिला. काळाच्या क्रमाने तो दुसरा, १९८५ चा. त्या वर्षी दादाजींचा इंतकाल झाला. महिन्याभराने हा फोटो आला. त्यात अब्बा एका चौथऱ्याला टेकून उभे आहेत. चौथऱ्यावर काहीतरी पांढरे, तिरक्या चौकोनांचे आहे, पण त्याचा वरचा अर्धा भाग कापला गेलेला. फोटो काढणाऱ्याला कॅमेरा धरता येत नसावा, असे आम्ही समजायचो आणि त्यावर हसायचो. अम्मी मात्र त्या फोटोवर कधी हसली नाही. डब्यात तो नेहमी उपडा ठेवलेला असे.

चारही फोटोंच्या मागे अब्बांच्या उर्दू अक्षरात तारीख आणि एकच वाक्य होते: सब खैरियत है.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत अम्मीला घेऊन आम्ही उमराहला गेलो. आम्ही दोघे, आठवीतला मुलगा आणि अम्मी. अब्बांना जाऊन आता काही वर्षे झाली, अल्लाह त्यांची मगफिरत करो. त्यांनी तेवीस वर्षे ज्या शहरात काढली ते अम्मीने कधी पाहिले नव्हते. मक्का-मदीनेनंतर तीन दिवस जेद्दात मामेभावाकडे राहायचे असे आधीच ठरले होते. निघताना अम्मीने आपल्या पिशवीत औषधे, तसबीह आणि ते चार फोटो ठेवले. चौथा ती बरोबर घेईल असे आम्हाला वाटले नव्हते.

विमान हज टर्मिनलला लागले. या टर्मिनलबद्दल थोडे सांगायला हवे, कारण जेद्दातला पहिला मोठा आकार दिसतो तो हाच. डोक्यावर पांढऱ्या तंबूंची रांगच रांग. असे २१० तंबू आहेत. काचतंतूंच्या कापडाचे, पोलादी खांबांना दोरखंडांनी ताणलेले, मध्ये वर निमुळते झालेले आणि टोकाला उघडे, म्हणजे गरम हवा वरून निघून जाते. भिंती नाहीत. १९८१ मध्ये हे टर्मिनल सुरू झाले. त्याच्या मागे ज्या अभियंत्याचे डोके होते, ते फजलुर रहमान खान मूळचे ढाक्याकडचे. शिकागोतल्या उंच इमारतींमुळे जगभर नाव झालेले. मार्च १९८२ मध्ये वयाच्या ५२ व्या वर्षी हृदयविकाराने त्यांचा इंतकाल झाला, तोही याच जेद्दा शहरात. अब्बा या शहरात आले त्याच्या पुढच्याच वर्षी. आम्ही मुलाला हे सांगत होतो आणि तो वर पाहत होता. अम्मी म्हणाली, "वारा लागतोय, ते आधी बरे झाले."

जेद्दाहून मक्केच्या रस्त्यावर रात्री ती प्रसिद्ध कमान लागली. सगळ्या रस्त्यावरून आरपार गेलेली काँक्रीटची रेहाल आणि तिच्यावर उघडा ग्रंथ. हिचा आराखडा दिया अजीज दिया या सौदी कलाकाराचा. कमान म्हणावी तर तिला वाकलेली अशी एक रेघ नाही. दोन तिरक्या बाजू एकमेकींना छेदून वर गेल्यात, बस्स. घराघरात आपण जी लाकडी रेहाल वापरतो तिचाच हा आकार. म्हणून बसमधल्या कोणालाच अर्थ विचारावा लागला नाही. साऱ्या बसमध्ये एकदम तलबिया सुरू झाली. लाखो माणसांच्या आयुष्यात हा रस्ता एकदाच येतो आणि त्या एका वेळी ती या दोन रेषांखालून जातात.

उमराहबद्दल आम्ही येथे लिहीत नाही. त्यावर लिहिणारे आमच्यापेक्षा जाणकार पुष्कळ आहेत. मक्का-मदीना करून परत आलो आणि जेद्दातल्या अजीजिया भागात मामेभावाच्या घरी उतरलो. तो एका गोदामात हिशेबनीस आहे. त्याचे वडील, म्हणजे आमचे मामू, अब्बांच्याच खोलीत राहायचे. आता ते दापोली तालुक्यात गावी असतात.

जेद्दा शहर असे आकारांनी का भरले, हे समजून घ्यायला १९७० च्या दशकात जावे लागते. तेलाचे भाव वाढले, पैसा आला, बंदराजवळचे प्रवाळाच्या दगडांचे जुने जेद्दा अपुरे पडले आणि शहर वाळवंटात पसरू लागले. रुंद रस्ते झाले, रस्ते जिथे मिळतात तिथे मोठमोठे गोल चौक झाले. १९७२ ते १९८६ या काळात मुहम्मद सईद फारसी हे जेद्दाचे महापौर होते. त्यांचे शिक्षण इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाला झालेले. या मोकळ्या चौकांचे करायचे काय, तर त्यांत शिल्पे उभारायची, असे त्यांनी ठरवले. त्यांच्या काळात सुमारे ४०० शिल्पे उभी राहिली. कितीतरी शिल्पांचा खर्च शहरातल्या व्यापाऱ्यांनी आणि कंपन्यांनी उचलला.

माणसांचे पुतळे उभारायचे नाहीत हे उघडच होते. मग राहिले काय? चौकोन, गोल, त्रिकोण, चंद्रकोर, अक्षरांची वळणे, आणि घरातल्या रोजच्या वस्तू प्रचंड मोठ्या करून मांडलेल्या. चौकांत होड्या ठेवल्या. समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या उस्मानी काळातल्या जुन्या यंत्राचेसुद्धा स्मारक केले. एका चौकाचे नावच हंदसा चौक, म्हणजे भूमितीचा. तिथे भूमितीचे साहित्य अवाढव्य करून मांडलेले. आमच्यासारख्या शाळामास्तराला तो चौक फार आवडला. कंपासपेटी घरी विसरून येणाऱ्या मुलांना तिथे नेऊन उभे करावे.

लेबनॉनचे आरेफ अल-रईस या कामासाठी सौदीत येऊन राहिले. रोममध्ये राहणारे मूळचे स्पॅनिश वास्तुकार हुलिओ लाफुएंते यांनी तर इतकी कामे केली, की अब्बांच्या चारांपैकी तीन फोटोंत त्यांचेच काम आहे: सायकल, मोटारींचा ठोकळा आणि कंदील. अब्बांना हे नाव माहीत असण्याचे कारण नव्हते.

सायकल अजून आहे. सुमारे १५ मीटर उंच. मामेभावाने गाडी कडेला घेतली तेव्हा अम्मीने काच खाली केली आणि बराच वेळ पाहिले.

"ही कोणाची म्हणायची?" तिने विचारले.

मामेभाऊ हसला. "फूफी, इथली मुले म्हणतात, ही हजरत आदमची सायकल. जेद्दा म्हणजे आजी. हव्वा अम्मांची कबर इथलीच म्हणतात ना, तर त्यांना भेटायला हजरत आदम या सायकलवरून येत."

मुलगा खो खो हसला. अम्मीने त्याला डोळ्यांनी दटावले, पण तिच्याही चेहऱ्यावर हसू होते. उम्मुना हव्वा या नावाची कब्रस्तान जेद्दात खरोखर आहे. तिथल्या कबरीच्या गोष्टीला पुरावा नाही, हे वेगळे सांगायला नको. पण सायकलची गोष्ट कोणी रचली असेल, याचा आम्हाला अंदाज आहे. बापाने पोराला या चौकातून नेताना पोराने विचारले असेल, एवढी सायकल कोण चालवते? बापाला उत्तर द्यावे लागले असेल. अब्बांनी आम्हाला मात्र असे काही सांगितले नव्हते. सुट्टीवर आले, की ते घराची कौले फिरवायचे, विहिरीचा रहाट दुरुस्त करायचे आणि जायचे.

संध्याकाळी समुद्रावर गेलो. इथे कॉर्निशला लागून शिल्पांचे एक खुले संग्रहालय आहे. चौकातली शिल्पे खाऱ्या वाऱ्याने आणि वाळूने खराब झाली होती, तेव्हा आर्ट जमील या संस्थेने नगरपालिकेबरोबर त्यांची दुरुस्ती करवून घेतली आणि त्यातली वीसेक या बागेत एकत्र मांडली. इंग्लंडचे हेन्री मूर, अमेरिकेचे अलेक्झांडर काल्डर, स्पेनचे जोआन मिरो, हंगेरीत जन्मलेले व्हिक्टर वासारेली, अशी मंडळी इथे आहेत. युरोप-अमेरिकेत यांची कामे पाहायला लोक संग्रहालयाचे तिकीट काढतात. इथे त्यांच्यासमोर चटया टाकून कुटुंबे चहा पीत होती, पोरे त्यांच्याभोवती शिवाशिवी खेळत होती. एका लहानग्याने काळ्या पोलादी पत्र्यांमागे चप्पल लपवली होती.

आमच्या मुलाचा प्रश्न मात्र एकच: "याचा अर्थ काय?" प्रत्येक शिल्पापुढे तोच. शेवटी वैतागून तो म्हणाला, "मग परीक्षेत काय लिहायचे?" दोष त्याचा नाही. वर्गात कविता शिकवताना आम्हीच मुलांना अर्थ फळ्यावर लिहून देतो आणि तो तसाच्या तसा उत्तरपत्रिकेत आला की पूर्ण गुण देतो.

बागेतल्या बाकावर अम्मीने पिशवीतून तो चौथा फोटो काढला आणि मामेभावाच्या हातात दिला. "हे कुठे आहे?"

त्याने उलटसुलट करून पाहिले. शिल्प अर्धेच, मागे एक दिव्याचा खांब आणि रिकामे आकाश. त्याला ओळखता येईना. मग त्याने मोबाइलवर फोटोचा फोटो घेतला, मामूंना पाठवला आणि लगेच व्हिडिओ कॉल लावला. गावी रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते. मामू बनियानवर, चष्मा शोधत.

"अरे, हा तर मीच काढलेला," मामू म्हणाले. "यशिका होता माझा."

"भाईजान, तुम्हाला काढता येत नव्हता तर कशाला काढलात?" अम्मी म्हणाली. तिच्या आवाजात चाळीस वर्षांचा राग होता. आम्ही तो आवाज ओळखतो. "घरात मय्यत झालेली. मोठा मुलगा आला नाही. लोक विचारतात, मी काय सांगू? आणि महिन्याने हा फोटो येतो. मागे लिहिलेय सब खैरियत है. कोणाची खैरियत?"

मामू थोडा वेळ गप्प राहिले. मग बोलले ते सावकाश, मध्ये मध्ये थांबत. तार आली तेव्हा अब्बा साइटवर होते. पासपोर्ट कंपनीच्या कचेरीतल्या कपाटात. तिथल्या साहेबाने सांगितले, करार संपायला चार महिने आहेत, आता जाता येणार नाही, आणि गेलास तर परत येऊ नकोस. घरी कर्ज होते. मामूंनी त्यांना खोलीवर राहा म्हटले, पण त्यांनी ऐकले नाही. त्या दिवशी चौकातल्या चौथऱ्याचा साचा खोलायचा होता आणि तो साचा अब्बांचा होता.

"अष्टकोनी चौथरा, बाय," मामू म्हणाले, "आणि वर जाताना निमुळता. एकही फळी सरळ कापायची नाही. आठ बाजू, आठ सांधे. एक सांधा अर्ध्या बोटाने चुकला, की शेवटचा मिळत नाही. आमच्यातल्या कोणाला जमत नव्हते. याने जमिनीवर चौकोन आखला, दोरी घेतली, कोपऱ्यापासून मध्यापर्यंत मोजली आणि चारी कोपऱ्यांवरून फिरवली. झाला अष्टकोन. साहेब कागद घेऊन आला, मोजून पाहिले, काही बोलला नाही. मी विचारले, हे कुठे शिकलास? म्हणाला, अब्बांनी शिकवले, मशिदीच्या खांबांच्या वेळी."

गावच्या आमच्या मशिदीचे लाकडी खांब दादाजींच्या हातचे आहेत. खाली चौकोनी, वर अष्टकोनी. लहानपणी जुमाच्या नमाजला मागच्या सफमध्ये बसून आम्ही त्या कडा मोजलेल्या आहेत. दोरीची रीतही खरी आहे. चौकोनाच्या कर्णाचा अर्धा भाग दोरीवर घ्यायचा, प्रत्येक कोपरा केंद्र धरून ती फिरवायची आणि जिथे जिथे ती बाजूंना छेदते त्या आठ खुणा जोडायच्या. आठही बाजू सारख्या येतात, प्रत्येक कोन १३५ अंशांचा. दादाजी दुसरीपर्यंत शिकलेले. मुलाने तिथेच वाळूत बोटाने आखून पाहिले.

मामू सांगत होते. "साचा खोलला. फळ्या काढल्या, की सुताराचे काम दिसायचे बंद होते, बाय. ज्याच्यासाठी केले ते उभे राहते आणि आपले लाकूड ट्रकमध्ये जाते. पण त्या काँक्रीटवर फळ्यांच्या रेघा उमटल्या होत्या, एक न् एक. तो हात फिरवत राहिला. पंधरा-वीस दिवसांनी वरचे शिल्प बसवले. मग एका जुम्याला मला म्हणाला, कॅमेरा घे. तिथे जाऊन टेकून उभा राहिला. म्हणाला, खालचे सगळे आले पाहिजे, जमिनीपासून. वरचे राहिले तर राहू दे. मी म्हटले, अरे, त्या पुतळ्याचे मुंडके कापले जाईल. तर म्हणतो, त्याला मुंडके आहे कुठे?"

बाकावर आम्ही सगळे हसलो. अम्मी हसली नाही.

"मग हे लिहिले का नाही?" तिने विचारले.

"कोणाला लिहिणार? तुझे पत्र वाचायला कोण यायचा?"

अम्मीला कुराण शरीफ वाचता येते, पण उर्दू पत्र वाचता येत नव्हते. अब्बांचे पत्र आले, की शेजारचा एक मुलगा ओट्यावर बसून मोठ्याने वाचायचा आणि अर्धी आळी ऐकायला यायची. त्यामुळे पत्रात अब्बा गाईबद्दल विचारत, पावसाबद्दल विचारत, ड्राफ्ट मिळाला का ते विचारत. साहेबाने पासपोर्ट दिला नाही, हे आळीपुढे कसे वाचून घ्यायचे? आणि रडू आले असे कुठे लिहायचे? सब खैरियत है एवढेच सगळ्यांसमोर वाचता येण्यासारखे होते.

मामूंनी चौकाचा पत्ता सांगितला. पत्ता म्हणजे जुन्या जेद्दावाल्यांचा पत्ता: अमुक पेट्रोल पंपावरून पुढे, सायकलच्या बाजूने आलात तर डावीकडे, होडीच्या चौकानंतर दुसरा. त्या काळी रस्त्यांच्या नावांनी कोणी शोधत नसे. नव्याने आलेला मजूर आधी हे आकार पाठ करायचा. मामेभाऊ म्हणाला, त्याच्या वडिलांना अजून जेद्दाचा नकाशा असाच दिसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. चौक नव्हता. तिथे आता उड्डाणपूल आहे, खाली दोन्ही बाजूंनी गाड्या, मध्ये लोखंडी कठडा. थांबायलासुद्धा जागा नाही. जेद्दातले असे अनेक गोल चौक वाहतुकीसाठी काढून टाकले आहेत. काही शिल्पे उचलून दुसरीकडे नेली, काहींचे काय झाले ते मामेभावाला माहीत नव्हते. आम्ही त्या पुलाखालून तीनदा गेलो. तिसऱ्यांदा अम्मी म्हणाली, "पुरे. पेट्रोल जाळू नकोस."

दुपारी मामेभावाच्या एका ओळखीच्या टॅक्सीवाल्याने सांगितले, की तिरक्या पांढऱ्या चौकोनांचे एक शिल्प समुद्राच्या बाजूला मोकळ्या जागेत आहे. असरच्या नमाजनंतर तिथे गेलो. होते. एकावर एक तोललेले तीन चौकोन, प्रत्येक थोडा थोडा फिरवलेला, सर्वांत वरचा जवळजवळ टोकावर उभा. शेजारी पाटी दिसली नाही. आम्ही फोटो हातात घेऊन चारही बाजूंनी फिरलो. एका बाजूने पाहिले तर खालचा चौकोन फोटोतल्यासारखा वाटत होता. दुसऱ्या बाजूने पाहिले तर नाही. मुलाचे ठाम मत, तेच आहे. आम्हाला खात्री देता येत नाही.

पण चौथरा तो नव्हता, हे नक्की. शिल्प गुळगुळीत दगडी फरश्यांच्या एका बुटक्या, सपाट ओट्यावर होते. चौकोनी, गुडघ्याएवढा. अम्मीने त्याच्यावर हात ठेवला, काढला, ओढणीला पुसला.

"चौकोन तेच असतील," ती म्हणाली. "पाय त्याचे नाहीत."

मग तिथेच कठड्यावर बसून तिने फोटो पुन्हा पाहिला. आम्हीही तिच्या खांद्यावरून पाहिला. चाळीस वर्षे आम्ही या फोटोत वरचे काय कापले गेले तेच पाहत होतो. खाली पूर्ण चौथरा आहे, जमिनीपासून कडेपर्यंत. तीन बाजू समोर, दोन तिरप्या दिसतात. प्रत्येक बाजूवर आडव्या फळ्यांच्या रेघा, आणि कोपऱ्यावर एका बाजूची रेघ दुसऱ्या बाजूच्या रेघेला अचूक मिळालेली. अब्बांचा उजवा हात खाली सोडलेला नाही. तो मागे, चौथऱ्याच्या कडेवर सपाट टेकवलेला आहे. हे कोणाच्याच लक्षात आले नव्हते.

मामेभावाने विचारले, "फूफी, तुमचा काढू का इथे?"

"नको," अम्मी म्हणाली. "इथे काय आहे?" आणि थोड्या वेळाने, "बरे, सायकलपाशी काढ."

सायकलपाशी अंधार पडला होता, पण दिवे होते. त्या फोटोत अम्मी चाकापुढे उभी आहे, अब्बांसारखीच मुंगीएवढी.

गावी परतल्यावर अम्मीने आम्हाला खेडला पाठवले. १९८५ चा फोटो मोठा करून आणायचा आणि काच लावून घ्यायची, असे तिने सांगितले. आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. भिंतीवर लावायचा का, हे विचारायचे धाडस कोणी केले नाही. स्टुडिओवाला आमच्याच शाळेचा माजी विद्यार्थी. त्याने फार मनापासून काम केले. डाग काढले, रंग उजळले, अब्बांचा चेहरा साफ केला. आणि फोटोत खाली उगाच सिमेंटचा ठोकळा फार येतो म्हणून तो सगळा भाग कापून अब्बांना कमरेपासून वर मोठे केले. वर म्हणाला, "सर, आता कसे पासपोर्टसारखे स्वच्छ झाले."

अम्मीने तो हातात घेतला, पाहिला आणि परत आमच्याकडे दिला. "पुन्हा जा," ती म्हणाली. "त्याला सांग, जमिनीपासून."